हे जिवाणू आले कुणाकडून?

पहिलीच्या वर्गातील मुले हसली की त्यांचे दात जरा पाहावेत. पुढचे दुधाचे दात काळे पडून झिजलेली काही मुले माजलगावच्या शाळेत दिसतील, तशी ती मुंबईच्या शाळेतही दिसतील. पालकांना विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, "त्याच्या आईचेही दात असेच, घराण्यातच आहे ते!" हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. आईकडून मुलाकडे काहीतरी येते हे खरे, पण त्यातला महत्त्वाचा भाग गुणसूत्रांतून नव्हे, तर लाळेतून येतो. हे खात्रीने सांगता आले ते जिवाणूंच्या डीएनए ठशांमुळे.

मानवी तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. त्यांपैकी दातकिडीशी सर्वाधिक संबंध असलेला जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. किडलेल्या दातांतून तो १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी वेगळा केला. गोलाकार जिवाणू कधी लांबट दिसतो, म्हणून त्यांनी त्याला 'बदलणारा' अशा अर्थाचे नाव दिले. आपल्या नेहमीच्या साखरेपासून तो एक चिकट पदार्थ तयार करतो आणि त्याच्या आधाराने दाताला घट्ट चिकटून बसतो. तेथेच साखरेपासून लॅक्टिक आम्लही बनते. दाताजवळचा सामू ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. या जिवाणूला वस्तीसाठी दातासारखा टणक पृष्ठभाग मानवतो. म्हणून दात येण्यापूर्वी बाळाच्या तोंडात त्याचा फारसा जम बसत नाही.

मग तो बाळाकडे येतो कुठून? आईच्या लाळेत म्यूटन्स आहे आणि बाळाच्याही आहे, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण तो बहुतेक मोठ्या माणसांच्या तोंडात असतोच. चोराला मिशा होत्या, एवढ्यावरून चोर पकडता येत नाही! सूक्ष्मदर्शकाखाली सगळे म्यूटन्स सारखेच दिसतात. येथे जिवाणूची जात कळून भागत नाही, त्याचा वाण कळावा लागतो.

उसाचे उदाहरण घेऊ. एक ऊस प्रत्येक गाठीवर तोडला आणि कांड्या लांबीप्रमाणे ओळीने मांडल्या, तर त्या मांडणीवरून तो ऊस पुन्हा ओळखता येईल. दुसऱ्या उसाच्या गाठी वेगळ्या अंतरांवर असल्याने त्याची मांडणी निराळी येईल. डीएनएच्या बाबतीत कोयत्याचे काम करतात ती विशिष्ट विकरे. उदाहरणार्थ, इकोआर-वन हे विकर जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा क्रम दिसेल तेथेच डीएनए कापते. अक्षरे चार, म्हणून असा क्रम सरासरी ४,०९६ अक्षरांमागे एकदा यावा. (चाराचा सहावा घात; हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे.) म्यूटन्सचा डीएनए सुमारे २० लाख अक्षरांचा, म्हणजे ढोबळमानाने पाचशे तुकडे. एका वाणात एखाद्या 'गाठी'चे एकच अक्षर बदललेले असेल, तर तेथे काप बसत नाही आणि दोन तुकड्यांऐवजी एक लांब तुकडा मिळतो. हे तुकडे जेलमध्ये ठेवून वीजप्रवाह सोडला की लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे रेंगाळतात आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते. हाच ठसा.

अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली इंग्लंडमध्ये शोधलेल्या आणि हैदराबादच्या लालजी सिंग यांनी आपल्या न्यायालयांपर्यंत नेलेल्या डीएनए ठशांचे नाव सर्वांना परिचित आहे. माणसाचा डीएनए अफाट मोठा, म्हणून तेथे पुनरावृत्ती असलेले मोजकेच भाग पाहतात. जिवाणूचा डीएनए एवढा आटोपशीर, की तो सगळाच कापून पाहता येतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे पेज कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत आई-मुलांच्या जोड्यांवर वापरली. बाळांच्या तोंडात म्यूटन्स प्रथम केव्हा सापडतो, हे त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले: मध्यक वय २६ महिने. त्यानंतर १९९५ च्या निबंधात ली आणि कॉफिल्ड यांनी ३४ जोड्यांचे ठसे ताडून पाहिले. २४ जोड्यांत, म्हणजे ७१ टक्क्यांत, बाळाचा वाण आईच्याच वाणाशी जुळला. मुलींमध्ये हे प्रमाण ८८ टक्के होते, तर मुलांमध्ये ५३.

घास गरम आहे का, हे आधी आपल्या ओठांना लावून पाहणे, त्याच चमच्याने भरवणे, यात लाळ जाणारच. त्यासाठी आईला बोल लावणे अन्यायाचे होईल. उपाय आईचे दात वेळीच दुरुस्त करण्यात आहे. स्वीडनमध्ये बिर्गिट्टा कोलर यांनी १९८३ मध्येच दाखवले होते, की आईच्या तोंडातील म्यूटन्सची संख्या घटवली, तर बाळात तो उशिरा वस्ती करतो. पण स्त्रियांचे दुखरे दात घरातल्या खर्चाच्या यादीत नेहमीच तळाला असतात.

उरलेल्या दहा बाळांचे काय? नंतरच्या अभ्यासांत कुठे वडिलांचा, कुठे भावंडांचा, तर कुठे पाळणाघरातील सोबत्याचा वाण जुळला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांत हंगामाचे काही महिने आई फडावर आणि लहान मूल गावी आजीजवळ, असे अनेकदा असते. अशी तपासणी माजलगाव परिसरात करायची झाली, तर आईबरोबर आजीच्याही लाळेचा नमुना घ्यावा लागेल.