अंगणातली सदाफुली, शिवारातली हळद

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, वायगाव आहे. तिथल्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात कर्क्युमिनचे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाजारातल्या बहुतेक हळदींपेक्षा जास्त. त्यामुळे या भागात कुणाच्या तोंडात न भरणारी जखम झाली आणि सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यात तपासणीसाठी तुकडा काढला, की अहवाल हातात पडण्याआधीच सल्ला येतो: ‘वायगावची हळद सुरू करा.’ सल्ला देणाऱ्याची माया खरी असते. म्हणूनच हळदीबद्दल विज्ञानाच्या हाती नेमके काय लागले, ते स्पष्ट सांगायला हवे.

काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी कर्क्युमिनने मरतात, यात शंका नाही. केरळमधल्या अमला कर्करोग संशोधन केंद्राने 1985 साली हळदीच्या या गुणावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे जगभरातून असे हजारो निबंध आले. अडचण बशीबाहेर सुरू होते. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करून टाकते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 25 रुग्णांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन दिले. वायगावच्या हळदीत मोजले तर हे रोज सव्वाशे ग्रॅमच्या वर जाते. एवढे देऊनही रक्तात ते अत्यल्प सापडले. 2008 साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा जेमतेम दोन रुग्णांत काही परिणाम नोंदवला गेला होता. 2017 साली औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरच्या 120 हून अधिक मानवी चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांचा निर्वाळा कठोर होता: काटेकोर तुलनात्मक चाचणीत ते कुठल्याही आजारावर यशस्वी ठरलेले नाही. हा रेणू स्वतः चमकतो आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे प्राथमिक तपासण्याही फसतात.

‘मग मिऱ्यांबरोबर घ्या,’ असे सांगितले जाते. मिऱ्यातल्या पायपेरीनने कर्क्युमिनचे शोषण सुमारे 20 पट वाढते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवले आहे. पण यकृतातली जी विकरे औषधांची विल्हेवाट लावतात, त्यांनाच पायपेरीन अडवते. किमो चालू असलेल्या माणसाच्या रक्तात त्यामुळे मूळ औषधाची मात्रा चढू शकते. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल हे नाही. मूठभर गोळ्यांबद्दल आहे. आणि ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे विदर्भात तरी कुणी म्हणू नये. इथल्या तोंडाच्या कर्करोगामागे असलेल्या खर्ऱ्यात सुपारी आणि तंबाखूच असतात, आणि त्याही वनस्पतीच आहेत.

परंपरेतून आलेले औषध खरोखर यशस्वी झाले, ते दारातल्या सदाफुलीचे. मूळची मादागास्करची ही वनस्पती मधुमेहावर अनेक देशांत वापरली जाई. 1952 साली जमैकातून तिची पाने कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही. पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी हा धागा सोडला नाही आणि 1958 पर्यंत व्हिनब्लास्टिन वेगळे काढले. त्याचे भावंड व्हिनक्रिस्टिन 1963 साली अमेरिकेत मंजूर झाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत ते आजही आहे. विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रे ओढून नेणारे सूक्ष्म धागे ते बनूच देत नाही. 1 ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात. सदाफुलीचा काढा हे औषध का होऊ शकत नाही, ते एवढ्यावरून कळते. हा रेणू मोजून, फक्त शिरेतून द्यायचा असतो. चुकून मणक्यात गेला तर जीव घेतो.

या इतिहासात आपला एक माणूस आहे आणि मराठी शाळांत त्याचे नाव फारसे कुणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून एमएस्सी, मग इंडियानात पीएचडी करून 1962 साली ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले. 1966 साली चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन आणि 1971 साली पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल, अशा दोन रेणूंच्या रचना या जोडीने जगापुढे ठेवल्या. टॅक्सॉल पेशीतले तेच धागे मोडू देत नाही, हे सुझन हॉरविट्झ यांनी 1979 साली दाखवले. 1992 साली ते अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. सालीपासून सलाइनच्या बाटलीपर्यंत 30 वर्षे गेली.

कॅम्पटोथेसिनची वाट सह्याद्रीतून जाते. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 साली दाखवले, की पश्चिम घाटातल्या नरक्या या लहान झाडात ते भरपूर आहे. मूळ रेणूच्या चाचण्या विषारीपणामुळे थांबल्या, पण त्यात बदल करून घडवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे 1996 साली अमेरिकेत मंजूर झाली. मागणी वाढली आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्या मुळापासून तोडून पोती भरली जाऊ लागली. सदाफुली वर्षभरात पुन्हा लावता येते. जंगलातल्या झाडाला वाढायला वर्षे लागतात.

2005 साली जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी, स्वतः कॅम्पटोथेसिन बनवणारी बुरशी शोधली. टाकीत बुरशी वाढवता आली तर झाड वाचेल, ही आशा तिने जागवली. परंतु झाडापासून दूर, प्रयोगशाळेत अशा बुरशींचे उत्पादन पिढ्यांगणिक घटत जाते. त्यामुळे उभ्या नरक्याची गरज अजून संपलेली नाही, आणि वन विभागाच्या नाक्यांवर त्याची पोती अडवण्याचे कामही.