भंडारदऱ्याचं पाणी आणि फिरणारी काच

डिसेंबरात भर दुपारी भंडारदऱ्याच्या जलाशयाचे तीसेक फोटो काढले. घरी बघतो तर पाण्यावर नुसती पांढरी चकाकी! एडिटिंग करूनही काठाजवळचे बुडालेले दगड दिसेनात. ते फोटोत आलेच नव्हते.

पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावतो. पोलरायझर फिल्टर नेमका तोच अडवतो. रिंग हळूहळू फिरवा, चकाकी ओसरते. आकाश गडद हवंय? सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवा. ९० अंशांवर परिणाम सर्वांत जास्त. मात्र प्रकाश दीड-दोन स्टॉप कमी होतो, म्हणून अंधार पडू लागला की फिल्टर काढा.

फिल्टर नाही? पोलराइज्ड गॉगल मोबाईलच्या लेन्ससमोर धरून फिरवा. इंद्रधनुष्य दिसलं तर मात्र जपून, रिंग चुकीची फिरली की तेच गायब!