चित्रात माझा बाप कुठे आहे?

श्रोतेहो, कामगारांच्या संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने चित्रांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझी शाळा चौथीत सुटली आणि चित्रकला मला कोणी शिकवली नाही. तरीही गेल्या वर्षी मी मुलांसाठी सोळा पानांचे एक पुस्तक लिहिले आणि त्यातली चित्रेही स्वतःच काढली. ते कसे साधले, एवढेच सांगतो.

आमच्या काल्हेरला खाडीकाठच्या शेतांवर आता गोदामे उभी आहेत. तिथल्या एका हमालाच्या मुलीला मी एक चित्रपुस्तक नेऊन दिले. तिने ते दोनदा चाळले आणि विचारले, "आजोबा, यात माझे बाबा कुठे आहेत?" पुस्तकात डॉक्टर होता, पोलीस होता, दुकानदार होता, ओझे वाहणारा नव्हता. ओझे वाहणाऱ्याला १९६९ च्या माथाडी कायद्याने कागदोपत्री जागा दिली. त्या पुस्तकाने मात्र दिली नव्हती. ती जागा आपणच का देऊ नये, असे मनात आले.

हात कच्चा होता, हे खरे. पण धीर देणारे गुरू शेजारच्याच डोंगरात सापडले. वारली बाया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने माणूस काढतात: दोन त्रिकोण टोकाला टोक जोडलेले, वर एक वाटोळे डोके. एवढ्यात तो नाचतो, कुदळ मारतो, वाकतोही. याच परंपरेतले जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. दूर फ्रान्सचा एक वैमानिक, सेंत-एक्झुपेरी, त्यानेही आपल्या छोट्या राजपुत्राची चित्रे स्वतःच रंगवली; ते पुस्तक १९४३ साली निघाले. तेव्हा साधी रेघ म्हणजे कमीपणा नव्हे.

आता कृती. चार कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानांची वही होते. छापखान्यातही एक मोठा ताव तीनदा दुमडला की सोळाच पाने होतात, म्हणून हा आकडा सोयीचा. या वहीत आधी मजकूर वाटून घ्यावा, चित्रे मागाहून. दुमडीवर कोणाचे तोंड येऊ देऊ नये. शिवणीत ते गडप होते. उत्कंठेची जागा उजव्या पानाच्या शेवटी ठेवावी, म्हणजे मूल आपण होऊन पान उलटते.

नवख्याची खरी फजिती पुढे होते. पहिल्या पानावरचा नायक पाचव्या पानावर ओळखू येत नाही! त्याला उपाय माप. मोठा माणूस आपल्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो. चारपाच वर्षांचे मूल सुमारे पाच पट. हे माप आणि एक ठळक खूण, माझ्या पुस्तकात लाल मुंडासे, प्रत्येक पानावर कायम ठेवावी. काळ्या शाईला एकच रंग जोडला तर छपाईचा खर्चही आवरतो.

आणि जे शब्दांनी सांगितले ते चित्राने पुन्हा सांगू नये. "बाबा दमून आले" असे लिहिले, तर दमलेला बाप काढण्यापेक्षा उंबऱ्याशी उतरवलेल्या धुळकट चपला काढाव्यात. बाकीचे मूल जाणते.

कच्ची वही घेऊन मी त्या मुलीकडे गेलो. मी पोते डोक्यावर दाखवले होते. ती म्हणाली, "असे नाही. बाबा पाठीवर घेतात, आणि वाकतात." तीस वर्षे हमालांच्या सभा घेणाऱ्या मला हे दिसले नव्हते! ते पान मी पुन्हा काढले. पाठीची रेघ चार वेळा चुकली, पाचव्यांदा जमली.

तिने त्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हे बाबा."

मंडळी, आपल्या घरातही असे एखादे मूल असेल, ज्याचा माणूस अजून कुठल्या पानावर आलेला नाही. चित्रकाराची वाट पाहत बसू नका. चार कागद दुमडा आणि बसा.