स्वस्त आणि सकस

पौष्टिक अन्न म्हणजे महाग अन्न, अशी समजूत शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत पुष्कळ रूढ झालेली आहे. दूध, तूप, बदाम व सफरचंद यांवांचून प्रकृति सुधारत नाहीं, असें एकदां ठरलें म्हणजे गरिबाच्या घरीं चांगलें अन्न असणें अशक्य, हें ओघानेंच आलें. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील केदारखेडा हें पूर्णाकांठचें गांव दृष्टीसमोर आणावें.

या भागाचें जुनें जेवण अगदीं साधें: ज्वारीची अगर बाजरीची भाकरी, तुरीचें किंवा मुगाचें वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि मिळाल्यास ताक. वरवर पाहतां हें दारिद्र्याचें जेवण; पण शास्त्राच्या कसोटीस तें उत्तम उतरतें. शरीराची झीज भरून काढणारें द्रव्य म्हणजे प्रथिन. त्याच्या घटकांपैकीं लायसिन हा घटक ज्वारींत व गव्हांत थोडा, पण डाळींत विपुल असतो. उलट डाळींत उणें असलेलें मेथिओनिन धान्यांत सांपडतें. म्हणून भाकरी आणि वरण हीं परस्परांची उणीव भरून काढतात. चार भाग धान्यास एक भाग डाळ, हें प्रमाण साधारणतः पुरेसें होय. अंबाडीच्या भाजींत ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालण्याची तिकडील रीत हेंच तत्त्व एका पातेल्यांत साधते.

मग उणें कोठें पडलें? कापूस, सोयाबीन व मका हीं विक्रीचीं पिकें शेतांत पसरलीं, तसतशी घरापुरती पिकणारी ज्वारी आणि मूग मागें पडले. ज्यांना शेत नाहीं त्या मजुरांना तर सर्वच विकत घ्यावें लागतें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांस माणशीं दरमहा पांच किलो धान्य मिळूं लागलें, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य झालें. ही सोय मोठी खरी; परंतु तें धान्यच आहे, डाळ नव्हे. वरील प्रमाणानें पाहतां त्या पांच किलोंना माणशीं सव्वा किलो डाळीची जोड हवी, आणि ती गरिबाला पदरच्या पैशानेंच घ्यावी लागते. मराठवाडा व अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतील केसरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्याऐवजीं दरडोई दरमहा १५० रुपये रोख देण्याचें २०२३ सालीं ठरलें. त्या दरानें पांच माणसांच्या घरीं ही रक्कम तेव्हां ७५० रुपये होत होती. तिच्यांतून प्रथम डाळ निघाली, तरच ती अन्नाच्या कामीं आली असें म्हणतां येईल.

डाळीचा खर्च आटोक्यांत ठेवण्याचे उपाय जुन्या गृहिणींना ठाऊक होते. मूग भाद्रपदांत आणि तूर पौष-माघांत निघते. त्या वेळीं तें कडधान्य अखंडच घ्यावें, चांगलें उन्हांत वाळवावें व कडुनिंबाचा पाला घालून ठेवावें. मटकीस व मुगास मोड आणले असतां त्यांत क जीवनसत्त्व उत्पन्न होतें. हुलग्याचे शेंगोळे हें तर थोड्या पैशांत पोट आणि पोषण दोन्ही साधणारें पक्वान्न होय.

भाजीसाठीं बाजारांतच जावें असें नाहीं. तांदुळजा, घोळ आणि शेवग्याचा पाला बांधावर वा परसांत मिळतो. पाला आधीं धुवून मग चिरावा. शिजविल्याचें पाणी फेंकूं नये. त्यांतील लोह नीट शोषिलें जावें म्हणून जेवतांना लिंबाची फोड पिळावी; जेवणास लागूनच चहा घेतल्यास तें बरेंचसें वायां जातें. मुलांच्या हातीं दुकानांतील तळलेला पुडा देण्याऐवजीं मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा द्यावा. शेंगदाण्यांत सुमारें एक चतुर्थांश प्रथिन असतें.

पण पातेल्यांत काय आहे याइतकेंच तें कोणाच्या ताटांत पडतें हेंही महत्त्वाचें आहे. भाकरी थापणारी सर्वांत शेवटीं बसते. तोंवर वरणाचें पाणी आणि भाजीचा रस तेवढा उरतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. तिचा वाटा आधींच काढून ठेवण्यास एक पैही लागत नाहीं.

शहरवासीयांनाही यांत थोडें कर्तव्य आहे. घरीं काम करणाऱ्या बाईला दिवाळीस मिठाईच्या पेटीऐवजीं पांच किलो तूरडाळ दिली, तर तिच्या घरची भाकरी महिनाभर तरी कोरडी राहणार नाहीं. आणि शिधावांटपांत धान्यासोबत डाळही हवी, ही मागणी सुशिक्षितांनीं उचलून धरली, तर केदारखेड्यासारख्या गांवांत अन्न स्वस्त करण्याच्या कामास खरा हातभार लागेल.