पदवीचे पेढे आणि वाडीचा सातबारा

कोंकणांतील घराण्यांत कोणी पदवीधर झाला म्हणजे त्याच्या पेढ्यांत थोडी कडवट चवही मिसळलेली असे. पदवी हातीं आली कीं मुलगा घाट चढून जावयाचा आणि घरांतील आणखी एक खोली बंद व्हावयाची. गेल्या वैशाखांत दाभोळास माझ्या धाकट्या भावाच्या वाडींत आम्ही सारे जमलों, त्याचें निमित्त मात्र उलट होतें. माझी पुतणी दापोलीच्या कृषि विद्यापीठाची पदवी घेऊन वाडींतच राहावयास परत आली होती.

धोपाव्याहून फेरीबोटीनें वाशिष्ठीची खाडी ओलांडून मी दाभोळास उतरलें. एके काळीं अरबस्तानापर्यंत व्यापार करणारें हें बंदर. आदिलशाहींतील घुमटाची मशीद अजून त्याची साक्ष देते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही चंडिकेच्या दर्शनास गेलों. खडकाच्या पोटांतील त्या गुहेंत दिव्याच्या मंद उजेडांत पदवीपत्र देवीपुढें ठेविलें, तेव्हां भावाचे डोळे भरून आले.

दुपारीं मांडवाखालीं पंगत बसली. फणसाची भाजी, आमरस, सोलकढी, सर्व कांहीं घरचें. परंतु मागील दारीं नजर गेली कीं घांस अडखळे. ता. 3 जून 2020 रोजीं ‘निसर्ग’ वादळ आलें आणि आजोबांनीं लाविलेल्या माडांपोफळींपैकीं निम्म्याहून अधिक एका दुपारींत आडवीं झालीं. तेव्हांपासून वाडी विकावी असें थोरल्या दादांच्या मनांत होतें. जेवणें आटोपल्यावर त्यांनीं तो विषय काढिला.

“पोफळ लाविली तर सहासात वर्षांनीं धरणार, बाणवली माडासही तितकींच वर्षें हवींत. तोंवर खर्च कोणीं सोसावयाचा?” दादा म्हणाले. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. शिवाय सातबाऱ्यावर आम्हां सर्वांचीं नांवें.

पुतणी शांतपणें म्हणाली, “दादाकाका, माड पंचवीस पंचवीस फुटांवर लावूं. मधल्या जागेंत केळी घेऊं, म्हणजे वर्षा-दीड वर्षांत हातीं पैसा येऊं लागेल. उरलेल्या पोफळींवर मिरी चढवूं, सावलींत जायफळ लावूं. पण रोपें नकोत, कलमें हवींत. बियांपासून केलेल्या जायफळांत नर झाड कोणतें आणि मादी कोणतें, हें तें फुलावर येईपर्यंत कळत नाहीं, आणि तोंवर कित्येक वर्षें फुकट जातात.”

“आणि तूं लग्न होऊन गेलीस म्हणजे?” वहिनींनीं विचारिलें. प्रश्न कठोर होता, पण सर्वांच्याच मनांतला होता.

“काकू, 2005 च्या कायद्यानें मुलीसही मुलाइतकाच वांटा आहे. वांटा घ्यावयाचा आणि काम टाळावयाचें, हें मला जमणार नाहीं. लग्न करीन तें हें सांगूनच.”

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आमच्या वृद्ध काकांनीं शेजारच्या मुरुडची गोष्ट काढिली. धोंडो केशव कर्वे तेथलेच. परीक्षेसाठीं ते पायीं साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांस परत धाडण्यांत आलें! पुढें ते 1884 सालीं बी. ए. झाले, 1916 सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. त्यांचे आप्त, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, 1899 सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. “हीं माणसें गांवाबाहेर गेलीं म्हणूनच मोठीं झालीं,” काका म्हणाले, “पण बाहेर गेलेल्या मुरुडकरांनीं आपल्या प्राप्तीचा अल्पसा भाग गांवासाठीं द्यावा म्हणून कर्व्यांनीं ‘मुरुड फंड’ काढिला. ह्या वाडीच्या नारळासुपारीवर तुम्हां सगळ्यांच्या फिया भरल्या गेल्या. त्याची परतफेड कोणीं केली?”

मला स्वतःला मान वर करवेना. माझ्या कॉलेजचा खर्चही ह्याच पोफळींनीं सोसला होता, आणि वादळानंतर मी येथें एकदांच येऊन गेलें होतें.

सायंकाळीं दादांनीं कागद मागविला. दहा वर्षें वाडी विकावयाची नाहीं. बाहेर असणाऱ्या प्रत्येक घरानें दरमहा ठरलेली रक्कम पाठवावयाची. जमाखर्च पुतणीनें ठेवावयाचा व दर वैशाखांत सर्वांसमोर वाचावयाचा. वहिनींनीं आपण होऊन पहिली रक्कम पुढें ठेविली. दादा मात्र सही करितांना म्हणाले, “दहा वर्षांनीं हिशेब जमला नाहीं, तर मी पुन्हां बोलेन.” पुतणी हंसून म्हणाली, “अवश्य बोला.”

निघण्यापूर्वीं प्रत्येकानें एकेक रोप लाविलें. माझ्या वांट्यास जायफळाचें कलम आलें. वाचकहो, आपल्याही घराण्याची एखादी वाडी कोठें वाट पाहत असेल. पुढील पेढे वांटाल तेव्हां तिची आठवण ठेवा.