प्रवाळांच्या टाकीचा जमाखर्च

खत घातले की शेतातले पीक जोमाने वाढते. मग समुद्री प्रवाळांच्या घरगुती टाकीत नायट्रेट व फॉस्फेट वाढले, तर प्रवाळांचीही भरभराट व्हायला हवी. प्रत्यक्षात काच हिरवी पडते, खडकांवर केसांसारखे तंतुमय शैवाल माजते आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतात. असे का व्हावे?

प्रवाळभित्ती उष्ण कटिबंधातील नितळ समुद्रात वाढतात. या पाण्यात पोषकद्रव्ये फार थोडी असतात. प्रवाळाच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशात अन्न तयार करून प्रवाळाला देते आणि प्रवाळाची टाकाऊ द्रव्ये स्वतः वापरते. या काटकसरीमुळे प्रवाळ ‘गरीब’ पाण्यातही तगतात. पाणी ‘श्रीमंत’ झाले, की झपाट्याने वाढणाऱ्या इतर शैवालांचे फावते.

टाकीत ही श्रीमंती येते माशांच्या खाद्यातून. खाद्यातील प्रथिनांमधला बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. अमोनियाच्या मानाने नायट्रेट सौम्य. पण ते साचत जाते. त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजनविरहित जागा लागते. सच्छिद्र खडकांच्या पोटात आणि वाळूच्या खोल थरात ती मिळते, पण अनेकदा अपुरी पडते. फॉस्फेटला तर वायुरूपाने निसटण्याची वाटच नाही.

नियमित पाणी बदलले तर? हिशेब करून पाहू. समजा, नायट्रेट आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम वाढते आणि आपण दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलतो. नव्या पाण्यात नायट्रेट नाही असे धरू. बदलण्यापूर्वीची पातळी अखेर २५ मिलिग्रॅमजवळ स्थिरावते. कारण २५ चे २० टक्के म्हणजे ५, जितकी जमा तितकाच खर्च. सुरुवात शून्यापासून करा वा ५० पासून, उत्तर तेच येते. आठवड्याची वाढ निम्मी झाली, तर मात्र पातळी १२.५ वर येते. म्हणून पहिला उपाय म्हणजे खाद्य मोजून घालणे.

दुसरा उपाय खर्चाच्या वाटा वाढवण्याचा. डाळ उकळताना वर आलेला फेस आपण पळीने काढतो. तसेच एका यंत्रात बारीक बुडबुडे सोडून त्यांना चिकटलेली सेंद्रिय द्रव्ये, त्यांचा अमोनिया होण्याआधीच, फेसासह काढून टाकतात. वेगळ्या कप्प्यात शैवाल मुद्दाम वाढवून कापून काढले, तर त्याने शोषलेली पोषकद्रव्येही बाहेर जातात. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट धरतात. मात्र चुनखडीचे खडक आधी साठवलेले फॉस्फेट हळूहळू परत सोडतात, त्यामुळे धीर हवा. पातळी शून्यावर नेणेही घातक. फॉस्फेटच्या उपासमारीने प्रवाळ दुबळे होतात.

हाच जमाखर्च समुद्रालाही लागू पडतो. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात सांडपाणी सोडले जाई, तेव्हा हिरव्या शैवालाने प्रवाळांना झाकून टाकले होते. १९७७-७८ मध्ये सांडपाणी तेथून वळवल्यावर पुढील काही वर्षांत ते शैवाल बरेच ओसरले.

भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे ते समुद्रातून आणू नयेत. शाळेतील गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातही नायट्रेट असेच साचते. मुलांना दर आठवड्याला ते मोजून आलेख काढायला सांगावे. आधी नळाच्या पाण्यातले नायट्रेट मात्र मोजून घ्यावे.