नऊ एकांचा वर्ग

वसमत तालुक्यातल्या आमच्या कुरुंद्यात गणित शिकवताना मी एक संख्या दरवर्षी फळ्यावर लिहितो : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, पुढून वाचा की मागून, तीच. ‘लीलावती’तील स्थानांच्या यादीत शेवटचे स्थान परार्ध. ही संख्या त्याच्या एकच घर अलीकडे, ‘मध्य’ या स्थानापाशी थांबते.

११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. तसा हा नऊ एकांच्या संख्येचा वर्ग. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ६१७४ मुळे जगाला ठाऊक आहेत. त्यांनीच अशा संख्यांना मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून ‘डेमलो संख्या’ हे नाव दिले.

हा डौल येतो कुठून? गुणाकार उभा मांडून पाहावा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या घरात एक ‘१’ येतो, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ. पुढे तीच उतरण. कुठल्याच घरात बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीतला ८ गळाला!

आता अंकांची बेरीज करू : ८१. हातचा नसल्यामुळे मांडणीतला प्रत्येक ‘१’ जसाच्या तसा मोजला जातो, आणि ते आहेत ९ × ९. शिवाय १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. आपली संख्या डेमलो आहे आणि हर्षदही. दहा एकांच्या वर्गाची अंकबेरीज मात्र ८२. संख्या विषम, तेव्हा भाग जाणे शक्यच नाही.

आणखी एक गंमत. या संख्येचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७². त्यावरून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५, आणि १ ते ९ ची बेरीजही ४५! पण १२३२१ घ्या : विभाजक ९, तर १ ते ३ ची बेरीज ६. म्हणजे ८१ मागे कारण आहे. ४५ हा निव्वळ योगायोग.

हा फरक ओळखता येणे, हेच मला मुलांना द्यायचे असते. यंत्र तो सांगत नाही. एक्सेलच्या घरात ही संख्या टाइप केली तर पंधराच अंक टिकतात आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये येतात. वहीच्या चौकटीच्या पानावर मात्र नऊ ओळी सहज मावतात, आणि शेवटचा १ कुठून आला तेही दिसते.